बाउन्स

(पडद्यावर: घराच्या मागचं काँक्रीटचं अंगण. लाल चेंडू वरून पडतो. तीनदा.)

पहिल्यांदा डावीकडं गेला, दुसऱ्यांदा उडून परत छातीवर आला, तिसऱ्यांदा कुठं गेला ते कॅमेऱ्यात आलंच नाही कारण तो शेजाऱ्यांच्या कुंपणाखालून पलीकडं गेला होता आणि तो आणण्यात आमची दहा मिनिटं गेली. टाकणारा माणूस एकच, उंची तीच, चेंडू तोच. विटी-दांडू खेळलेल्यांना हे काय वेगळं सांगायला नको, विटी टोकावर आपटली की कुठं उडेल ते ब्रह्मदेवाला पण माहीत नसतं. इथं फक्त विटीच्या जागी चामड्याच्या चार फाका शिवून केलेला लांबुळका चेंडू आहे, आणि त्याच्या एका उडीवर या घरात २०१० पासून भांडण चालूय.

(पडद्यावर: पुलावरून चालत एमसीजीकडं जाणारी गर्दी, गळ्यात मफलर)

हे एमसीजी, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचं. आपल्याला हे बॉक्सिंग डे टेस्टचं ग्राउंड, २०२० ला रहाणेनं शतक मारलं ते. पण हिवाळ्यात हे फूटीचं. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल असं मोठं नाव आहे, इथं कुणी घेत नाही, नुसतं फूटी. गंमत म्हणजे हा खेळ पण क्रिकेटवाल्यांच्याच डोक्यातून निघाला, टॉम विल्स नावाच्या क्रिकेटरनं १८५८ ला पेपरात पत्र लिहिलं की हिवाळ्यात पोरांचं अंग आखडतं, काहीतरी खेळ काढा, आणि पुढच्या वर्षी, १८५९ ला, नियम लिहून झाले पण.

नियम फार नका डोक्यात घेऊ. एका टीमचे १८ जण, ऑफसाइड नाही, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून लाथेनं घातला की गोल, ६ पॉइंट. बाजूच्या फटीतून गेला किंवा उंच खांबाला लागला की १ पॉइंट, त्याला बिहाइंड म्हणतात. म्हणजे नेम चुकला तरी हातावर एक पॉइंट ठेवतात, प्रसादासारखा. आपली सगळी फिल्म त्या प्रसादावर आहे.

(पडद्यावर: मुराबिनमधलं स्वयंपाकघर. टेबलावर सॉसची बाटली, मिठाची डबी, तीन कप, अर्धा खाल्लेला मीट पाय.)

मुराबिन हा मेलबर्नचाच एक भाग, म्हणजे सेंट किल्डा या फूटी क्लबचं घर. क्लब १८७३ चा, सेंट्स म्हणतात, आणि इतक्या वर्षांत ट्रॉफी किती, तर एक. १९६६. समोर कॉलिंगवूड क्लब, स्कोअर ७४-७३, आणि तो शेवटचा जिंकून देणारा पॉइंट पण बिहाइंडच होता, बॅरी ब्रीननं घाईत मारलेली धड ना उंच ना सरळ अशी किक, टप्पे खात खात बाजूच्या फटीतून गेली. टेबलाच्या डोक्याला बसलेत ते काका त्या दिवशी ग्राउंडवर होते, वय वर्ष नऊ, आणि त्यांना काहीही दिसलं नाही, समोर सगळ्या मोठ्या माणसांच्या पाठी. फक्त आवाज ऐकला म्हणतात. (इथं थोडं थांबायचं, काकांचा चेहरा पुरेसा आहे.)

आता ४४ वर्ष पुढं. २५ सप्टेंबर २०१०, ग्रँड फायनल, परत तेच दोघं, बघायला १,००,०१६ लोक.

मॅचचं फुटेज दाखवायचे हक्क घ्यायची आपली ऐपत नाही, म्हणून टेबलावरच मांडलंय, आणि खरं सांगू, मला हेच जास्त आवडलं. सॉसची बाटली म्हणजे स्टीफन मिल्न, नंबर ४४, बुटका, गोलच्या तोंडाशी घुटमळणारा. मिठाची डबी म्हणजे लेनी हेज, नंबर ७. मीट पाय म्हणजे कॉलिंगवूडचा डिफेंडर, त्याला काकांनी मुद्दाम अर्धा खाऊन ठेवलाय.

हाफटाइमला सेंट्स २४ पॉइंटनी मागं होते. घरी जायची तयारी. मग हळूहळू ओढत आणलं, चौथ्या क्वार्टरमध्ये ब्रेंडन गॉडर्डनं लोकांच्या डोक्यावरून उडी मारून चेंडू पकडला आणि गोल केला आणि सेंट्स पुढं गेले, मग कॉलिंगवूडनं परत गाठलं आणि एका पॉइंटनं पुढं, आणि घड्याळात उरलंय किरकोळ.

(पडद्यावर: जवळून, मिठाची डबी पकडलेली बोटं)

आता इथून काकांची मुलगी सांगते, तिच्याकडं फोनवर ती क्लिप आहे आणि तिनं ती किती वेळा थांबवून थांबवून पाहिलीय ते विचारू नका. हेज चेंडू उचलतो. त्याच्याकडं थांबायला वेळ नाही, अंगावर माणसं येतायत, तो लांब मारतो, मोकळ्या जागेत, गोलच्या तोंडासमोर. मिल्ननं आधीच पळायला सुरुवात केलीय, डिफेंडरच्या पुढं आहे. चेंडू त्यांच्या डोक्यावरून जाऊन जमिनीवर पडतो. मिल्न दोन पावलांवर. समोर मोकळा गोल. नुसता हातात बसला असता, अगदी पायावर घासून गेला असता तरी ६ पॉइंट आणि ४४ वर्षांनी ट्रॉफी.

आणि चेंडू आडवा उडाला.

मिल्नच्या हाताला न लागता, बाजूच्या फटीतून. गोल अंपायरचं एक बोट, म्हणजे एकच पॉइंट. ६८-६८.

मुलीचं म्हणणं असं की याला नशीब म्हणून सोडून देऊ नका. फूटीतली किक चेंडू उलटा फिरवत मारतात, तो पोटावर पडला तर घसरत पुढं जातो, टोकावर पडला तर वर उडतो नाहीतर मागं येतो, आणि तिरका पडला की संपलं. म्हणजे हेजच्या पायाकडून चेंडू थोडा वाकडा सुटला होता का, जमिनीला लागताना टोक कुठल्या अंगाला होतं, मिल्ननं अर्धं पाऊल मागं थांबायला पाहिजे होतं का, यावर तिनं सॉसची बाटली सहा वेळा सरकवली. काका म्हणतात हेजची काही चूक नाही, त्याच्याशिवाय त्या दिवशी आपण तिथवर पोचलोच नसतो, आणि ते खरंय, मॅच टाय होऊन पण बेस्ट प्लेयरचं नॉर्म स्मिथ मेडल हेजलाच मिळालं. माझं मत विचाराल तर मी काकांच्या बाजूनं. तेवढ्या वेळात तेवढीच किक मारता येते.

टेबलाला चौथा माणूस पण आहे, जावई. आपला सांगलीचा. आणि हा कॉलिंगवूडचा, पहिल्या नोकरीत सगळे पाईजवाले (कॉलिंगवूडला पाईज म्हणतात) होते म्हणून हा पण झाला. जावई असल्यानं त्याला हाकलता येत नाही. त्याचा मुद्दा एवढाच की कॉलिंगवूडचा स्कोअर बघा, ९ गोल १४ बिहाइंड, तुमचा १० गोल ८ बिहाइंड, म्हणजे आम्ही २३ वेळा मारलं आणि तुम्ही १८ वेळा, रडायचं कुणी. पुढं पण तो बरंच बोलला पण आमची बॅटरी संपली.

(पडद्यावर: वहीचं पान, पेन्सिलीनं लिहिलेले आकडे)

हे पान मात्र बघाच. काकांनी दोन ग्रँड फायनल शेजारी शेजारी लिहिल्यात. २००९, सेंट्स विरुद्ध जीलॉन्ग, सेंट्स १२ पॉइंटनी हरले, त्यांचा स्कोअर ९ गोल १४ बिहाइंड, ६८. आणि २०१० ला कॉलिंगवूडचा स्कोअर, ९ गोल १४ बिहाइंड, ६८. तोच आकडा, तसाच्या तसा. एका वर्षी आपण तेवढे चुकलो म्हणून हरलो आणि पुढच्या वर्षी समोरचे तेवढेच चुकले तरी आपण जिंकलो नाही. काकांनी त्याच्या खाली दोनदा रेघ मारलीय, लिहिलं काहीच नाही.

आणि अजून एक, हे आम्हाला शूटिंग संपता संपता कळलं. चेंडूवर नाव असतं ना, शेरिन, त्या टी. डब्ल्यू. शेरिनचा कारखाना १८८० च्या सुमारास सुरू झाला तो मेलबर्नच्या कॉलिंगवूड भागातच. काकांना सांगितल्यावर ते दोन मिनिटं चेंडू फिरवून फिरवून बघत होते.

टाय झाल्यावर काय, तर पुढच्या शनिवारी परत मॅच, कॉलिंगवूड १०८, सेंट्स ५२. २०१६ मध्ये लीगनं ते परत खेळणं पण बंद केलं, आता एक्स्ट्रा टाइम.

(पडद्यावर: परत अंगण. ऊन उतरलंय. भिंतीला टेकवलेले दोन झाडू आणि दोन कुंड्या, चार खांब.)

मुलगी गोल अंपायर. काका कुंपणापाशी उभे, गुडघा दुखतो म्हणून किक मारत नाहीत, हातानंच टाकतात. आठ वेळा टाकला. दोनदा झाडूंच्या मधून, तीनदा कुंडीकडून, बाकी कुठं पण. प्रत्येक वेळी मुलगी बोट वर करते, एक किंवा दोन, चेहऱ्यावर हसू नाही.

नवव्या वेळी काका म्हणाले, तुमच्या कॅमेरावाल्याला टाकू दे, त्याला काही माहीत नाही, तो बरा. त्यानं कॅमेरा कट्ट्यावर ठेवला आणि टाकला.

(पडद्यावर: फ्रेम थोडी वाकडी आहे, तशीच ठेवायची. चेंडू एक टप्पा खातो आणि सरळ काकांच्या हातात येतो. निवेदन नाही.)