आधी मांजर की आधी ससा?

(ठाण्यातल्या व्याख्यानाचा संपादित अंश)

मंडळी, तसं पाहिलं तर आत्ता आपणही बेटावरच बसलोय. एकीकडे खाडी, दुसरीकडे उल्हास नदी, मधे साष्टी. पण इथे घुशी आणि मांजरं इतकी मुरली आहेत की त्यांना उपरं म्हणायची सोय नाही. बाहेरून आणलेले प्राणी बेटावरून काढायचे कसे, हा आजचा विषय; आणि मी सांगतोय त्यातली बहुतेक बेटं निराळी. किनाऱ्यावरचे सील सोडले तर तिथे सस्तन प्राणीच नव्हते, त्यामुळे पक्षी खुशाल जमिनीवर अंडी घालायचे.

टास्मानिया आणि अंटार्क्टिकाच्या मधे ऑस्ट्रेलियाचं मॅक्वारी बेट आहे. एकोणिसाव्या शतकात सील मारणाऱ्यांबरोबर तिथे मांजरं उतरली. बेटावर एक पोपट होता, तोही जमिनीवरच घरटं करणारा. मांजरं आल्यावरही तो कित्येक दशकं तगला. हिवाळ्यात बहुतेक समुद्रपक्षी निघून गेले की मांजरांची उपासमार व्हायची, त्यामुळे त्यांची संख्या फार वाढत नसे. मग १८७०च्या दशकात खलाशांना मांस मिळावं म्हणून ससे सोडले. मांजरांची बारमाही सोय झाली, आणि वीसेक वर्षांत पोपट नामशेष झाला. त्याला खाल्लं मांजरांनी, पण त्या मांजरांना पोसलं सशांनी!

२००० साली बेटावरचं शेवटचं मांजर काढलं. त्यानंतर सशांनी गवत असं फस्त केलं की उतार उघडे पडले, आणि २००६ मध्ये पेंग्विनांच्या वसाहतीवर दरड कोसळली. ससे वाढले ते मांजरं गेल्यामुळे, की सशांवर सोडला जाणारा रोगाचा विषाणू बंद झाल्यामुळे, यावर शास्त्रज्ञांची चांगलीच जुंपली होती. माझ्या मते दोन्ही कारणं खरी. पण एकेक प्राणी सुटा काढायचा हा बेतच मुळात कच्चा होता. पुढे ससे, मोठे उंदीर आणि छोटे घरउंदीर असे सगळे एकदम घेतले. आधी सशांवर दुसरा विषाणू सोडला, म्हणजे विषाने मेलेले ससे खाऊन पक्षी कमी मरावेत. मग हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकलं. उरलेले ससे हुडकायला कुत्रे आणले, पेंग्विनांकडे ढुंकूनही न बघण्याची तालीम दिलेले. २०१४ मध्ये बेट मोकळं जाहीर झालं.

आपल्या सोसायटीत पेस्ट कंट्रोलवाला येऊन गेला की महिनाभर शांतता असते, आणि तेवढ्यावर आपण खूश असतो. बेटावर तसं चालत नाही. दक्षिण अटलांटिकमधल्या गॉफ बेटावर घरउंदीर अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याची पिल्लं जिवंतपणी कुरतडतात. २०२१ मध्ये तिथे मोठी मोहीम झाली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एक उंदीर कॅमेऱ्यात दिसला. सगळी मेहनत पाण्यात!

दक्षिण अटलांटिकमधल्याच साउथ जॉर्जिया बेटावर मात्र निसर्गाने हात दिला. हिमनद्यांमुळे उंदरांचे प्रदेश आपोआप तुटक झाले होते, म्हणून एकेक भाग साफ करता आला. २०१८ मध्ये ते बेट उंदीरमुक्त जाहीर झालं.

आता आपल्या अंदमानकडे या. ब्रिटिशांनी तिथे चितळ सोडले. त्यांना खाणारा वाघ नाही, बिबट्या नाही. कोवळी रोपं मात्र ते खुडतात. हे चितळ एका बेटावरून दुसऱ्यावर पोहत जातात. म्हणजे एकच बेट मोकळं करून भागणार नाही, शेजारची बेटंही धरावी लागतील. आणि चितळ मारायचे म्हटलं की सभागृहात काय होतं, ते तुमच्या चेहऱ्यांवर मला आत्ताच दिसतंय.