आधी मैफलीत, मग ध्वनिमुद्रिकेत

मित्रहो, टायलर चाइल्डर्स या अमेरिकी गायकाचे नाव आपल्यापैकी काहींनी आज प्रथमच ऐकले असेल. त्याचा जन्म १९९१ सालचा, पूर्व केंटकीतल्या लॉरेन्स काउंटीतला. ॲपलेशियाच्या डोंगररांगांमधल्या या कोळसापट्ट्यात त्याचे वडीलही कोळशाच्याच धंद्यात होते, आणि गाण्याचे पहिले संस्कार झाले ते बॅप्टिस्ट चर्चमध्ये. त्याच्या ध्वनिमुद्रिकांवर पुष्कळ लिहिले जाते. मला मात्र वाटते की त्याचे गाणे मुळात मैफलीचे आहे आणि ध्वनिमुद्रिका ही त्याची मागाहून झालेली नोंद आहे.

'नोज ऑन द ग्राइंडस्टोन' हे त्याचे गाणेच पाहा. त्यात बाप मुलाला बजावतो, की मान मोडून काम कर आणि गोळ्यांच्या नादी लागू नकोस. वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाने जिथे घरेच्या घरे बसली, तिथल्या श्रोत्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. हे गाणे तो वर्षानुवर्षे एकट्या गिटारवर गात राहिला, श्रोत्यांना ते तोंडपाठ झाले, आणि रिक रुबिन यांनी निर्मिलेल्या 'स्नाइप हंटर' या संग्रहात ते आले ते थेट २०२५ साली.

त्याच्या वाद्यवृंदाचे नाव 'द फूड स्टॅम्प्स', म्हणजे आपल्या रेशनकार्डाचे अमेरिकी भावंडच. त्यात जेसी वेल्स यांचे फिडल, म्हणजे लोकसंगीतातले व्हायोलिन आहे, पण आपल्या कानांनी आवर्जून शोधावे असे वाद्य म्हणजे पेडल स्टील गिटार. टेबलासारख्या चौकटीवर तारा आडव्या ताणलेल्या असतात, वादकाच्या डाव्या हातात त्यांवरून सरकणारा पोलादी दांडा असतो, पायांखाली पेडल आणि गुडघ्यांशी तरफा असतात. सूर वाजत असतानाच तार ताणली किंवा सैल सोडली जाते, आणि आपल्याला ती चक्क मींड वाटते.

मैफलीत काय गायचे नाही, हेही तो ठरवतो. २०१७ च्या 'पर्गेटरी' या संग्रहातले 'फेदर्ड इंडियन्स' हे त्याचे अतिशय लोकप्रिय प्रेमगीत. पट्ट्याच्या बकलावरील पिसे ल्यालेल्या 'इंडियन'च्या नक्षीवरून त्याला हे नाव मिळाले. अमेरिकेतल्या मूळनिवासींना हा शब्द खुपतो हे उमगल्यावर २०२० पासून त्याने ते मंचावर गाणे थांबवले. तिकीट काढून नेमके तेच ऐकायला आलेल्या रसिकाचा हिरमोड मी समजू शकतो; तरीही हातचे हुकमी गाणे बाजूला ठेवायला लागणारे धैर्य मला मोठे वाटते.

आणि याच गायकाच्या 'स्नाइप हंटर' संग्रहात 'तीर्थयात्रा' नावाचे गाणे आहे. नाव आपल्याच शब्दात, आणि केंटकीच्या डोंगरातल्या या माणसाला गीतेच्या ओढीने जायचे आहे ते कुरुक्षेत्राला.