मिनेसोटाचा 'नॉर्मल' माणूस

१९३० च्या दशकाचा शेवट. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाचं हॉस्पिटल, पेशंटला भेटायला आलेले नातेवाईक, आणि त्यांच्यासमोर शेकडो वाक्यं ठेवून विचारतायत, हे तुमच्या बाबतीत खरं की खोटं? तिथले मानसशास्त्रज्ञ हॅथवे आणि डॉक्टर मॅकिन्ली ह्या दोघांना मानसिक आजार ओळखायची टेस्ट बनवायची होती, त्यासाठी आजारी नसलेला माणूस काय उत्तर देतो हे आधी कळायला हवं. असे ७२४ जण घेतले, सगळे गोरे. सरासरी काढली तर पस्तिशीचा, लग्न झालेला, छोट्या गावातला, आठवीपर्यंत शिकलेला. झालं, नॉर्मल ठरला!

ही टेस्ट म्हणजे एमएमपीआय (मिनेसोटा मल्टिफेजिक पर्सनॅलिटी इन्व्हेंटरी), १९४३ ला बाहेर आली. हॉस्पिटलपुरती राहिली असती तर एक वेळ ठीक, पण ती नोकरभरतीत शिरली आणि मग ज्यांचा त्या ७२४ शी काडीचा संबंध नाही त्यांचेही मार्क त्यांच्याच हिशोबाने लागायला लागले. १९७२ मध्ये माल्कम गिंथर ह्या मानसशास्त्रज्ञाने हाच मुद्दा काढला, की काळ्या अमेरिकन माणसाला लोकांवर भरवसा वाटत नसेल तर तो आजार कशावरून, त्याचा अनुभवच तसा असेल ना? नंतरच्या काही अभ्यासांत शिक्षण वगैरे सारखं धरल्यावर फरक कमी झाला, त्यामुळे वाद चालूच राहिला.

आता इथे एक घोळ नेहमी होतो. दोन गटांचे सरासरी मार्क वेगळे आले म्हणजे टेस्ट पक्षपाती, असं लगेच नसतं हं. मग पक्षपात कधी म्हणायचा? समजा एक बाई आणि एक पुरुष, दोघं अगदी सारखेच खचलेत, आणि वाक्य आहे 'मला चटकन रडू येतं'. ती हो म्हणते, तो नाही, कारण 'काय बायकांसारखा रडतोस' हे त्याने लहानपणापासून ऐकलंय. आतली अवस्था तीच, मार्क वेगळे. खोट वाक्यात आहे.

१९८९ च्या नव्या आवृत्तीत २,६०० लोक घेतले, काळे, मूळ अमेरिकन वगैरे धरून, पण आशियाई मूळ असलेले एक टक्क्याहूनही कमी. मग गटागटाला वेगळी मोजणी लावा ना? तर भरतीत तेही चालत नाही, १९९१ च्या नागरी हक्क कायद्याने वंश किंवा लिंग बघून मार्क बदलायला बंदी घातली. म्हणजे उरलं एकेक वाक्य तपासणं, आणि ते करायचं टेस्ट विकणाऱ्या कंपनीने, जिचा डेटा बऱ्याचदा उमेदवाराला काय, बाहेरच्या संशोधकालाही बघायला मिळत नाही.