फेंगडे पाय आणि खुब्याचे स्नायू

(दृश्य: कमरेच्या बाजूला, खुब्याच्या थोडं वर चिकटवलेले इलेक्ट्रोड. शेजारी संगणकावर थरथरणारी रेघ.)

ही रेघ ग्लुटिअस मिडिअस या स्नायूतल्या विद्युत हालचालीची. कमरेच्या रुंद हाडापासून मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकापर्यंत तो पंख्यासारखा पसरलेला असतो. आपण एका पायावर उभे राहिलो की त्याच पायाकडचा हा स्नायू कंबर सपाट धरून ठेवतो. तो कमी पडला, तर उचललेल्या पायाकडची बाजू खाली कलते. चालताना दर पावलाला त्याला हे काम करावं लागतं.

(दृश्य: समोरून उभी व्यक्ती. घोटे जुळलेले, गुडघ्यांत फट.)

पाय फेंगडे असले की खुब्यापासून घोट्यापर्यंत जाणारी भाराची रेषा गुडघ्याच्या मध्यातून न जाता आतल्या बाजूला सरकते. सरळ पायातही चालताना गुडघ्याच्या आतल्या भागावरच जास्त भार असतो. इथे तो आणखी वाढतो.

हा भार कमी व्हावा म्हणून खुबा बळकट करा, असा सल्ला मिळतो. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलला, की ही रेघ चांगलीच उसळते. मात्र पावलाचा अंगठा छताकडे वळला, तर पुढच्या बाजूचा स्नायू काम बळकावतो. दोन्ही पायांभोवती घातलेला रबरी बँड गुडघ्यांवरून घोट्यांवर, घोट्यांवरून पावलांवर नेला, तर आडवं चालताना नितंबाच्या स्नायूंना जास्त राबावं लागतं. एक लक्षात ठेवायला हवं: रेघ उंच गेली म्हणजे ताकद वाढली असं नव्हे. स्नायूच्या कमाल जोराच्या तुलनेत त्या क्षणी तो किती राबतोय, एवढंच ती सांगते.

(दृश्य: तीच व्यक्ती. गुडघे किंचित सैल सोडते, मांड्या हळूच बाहेर फिरवते.)

आता या फटीकडे बघा. कमी झाली! काही जणांचा बाक हाडात नसतोच. मांड्या आत वळलेल्या, गुडघे मागे ताणलेले, म्हणून पाय धनुष्यासारखे दिसतात. अशांमध्ये मांडी बाहेर फिरवणारे खुब्याचे स्नायू जागे झाले, की उभं राहणंच बदलतं. स्क्वॉट करताना ‘गुडघे बाहेर ढकला’ ही जिममधली सरसकट सूचना मात्र फेंगड्या पायांना देऊ नये, असं आम्हाला वाटतं. ती आत कोसळणाऱ्या गुडघ्यांसाठी आहे. इथे गुडघ्याची वाटी पावलाच्या रोखात राहिली, तरी पुरे.

आणि बाक हाडातच असेल तर? २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फेंगडे पाय आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूची झीज असलेल्या ८९ लोकांवर तो झाला होता. काहींनी १२ आठवडे खुब्याचे व्यायाम केले, बाकीच्यांनी नाही. व्यायाम करणाऱ्यांची वेदना कमी झाली, ताकद वाढली. गुडघ्यावर आतून पडणारा भार मात्र मोजणीत होता तसाच राहिला.

जाहिरातवाले यातलं वेदना कमी झाल्याचं वाक्य तेवढं उचलतात आणि ‘व्यायामाने पाय सरळ’ असा मथळा देतात. मोठ्या माणसाच्या हाडाचा कोन बदलायचा, तर बहुतेक वेळा नडगीचं हाड कापून पुन्हा जोडावं लागतं, आणि ते शल्यचिकित्सकाचं काम. कुशीवर पाय उचलायचा तो दुखणं कमी व्हावं, जिना चढताना कंबर डुलू नये म्हणून.