पट्ट्याला उत्तर कोण लिहितं?

मंडळी, हा घड्याळाचा पट्टा. मागच्या रांगेतल्यांना दिसणार नाही, पण बघण्यासारखंही त्यात काही नाही. २०१८ साली चीनमधल्या शेन्झेनच्या एका विक्रेत्याकडून मागवला. पंच्याण्णव रुपये, पाठवणावळ शून्य. पाच आठवड्यांनी चुरगळलेलं करडं पाकीट सदाशिव पेठेत दारात हजर! त्याच आठवड्यात नाशिकला बहिणीकडे एक पुस्तक कुरियर केलं, त्याला याहून जास्त पडले. तुळशीबागेत घासाघीस करत वाढलेला माणूस मी, पण इथं मती गुंग झाली. हा गृहस्थ कमावतो कशावर?

माल स्वस्त असतो, ते आहेच. पण घाऊक भाव बोहरी आळीतही काही कमी नसतो. खरी मेख टपालात आहे.

१८७४ साली स्वित्झर्लंडमध्ये बर्नला करार झाला, त्यातून जागतिक टपाल संघ उभा राहिला. ठरलं असं, की तिकिटाचे पैसे पत्र जिथं पेटीत पडलं त्या देशानं ठेवायचे; वाटपाचे पैसे कुणी कुणाकडे मागायचे नाहीत. का? तर पत्राला उत्तर येतं. तुमचं एक आमच्याकडे, आमचं एक तुमच्याकडे, फिट्टंफाट. पत्रांपुरता हिशोब चोख होता. पण पट्ट्याला उत्तर कोण लिहितं?

पारडं एका बाजूला झुकायला लागलं, तेव्हा संघाच्या १९६९च्या टोकियो अधिवेशनात पाठवणाऱ्या देशानं वाटणाऱ्या देशाला द्यायचा मोबदला ठरला. पुढे त्यात विकसनशील देशांना सवलतीचे दर आले, आणि चीन बरीच वर्षं त्या सवलतीत बसला. म्हणजे शेन्झेनचं पाकीट अमेरिकेत घरोघर पोचवायचा बराचसा भार अमेरिकी टपालखात्यानं सोसायचा, आणि शेजारच्या गावाला तेवढंच पाकीट पाठवणाऱ्या तिथल्या दुकानदारानं मात्र पूर्ण दर मोजायचा. २०१८ मध्ये अमेरिकेनं संघ सोडायची नोटीस दिली, तेव्हा कुठं २०१९ला जिनिव्हात दर बदलायचं ठरलं.

दुसरी वाट सीमाशुल्काची. अमेरिकेत २०१६ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला शुल्क नव्हतं. चिनी मालापुरती ती सूट मे २०२५ मध्ये गेली. आपल्याकडे पाच हजारांपर्यंतची भेटवस्तू माफ होती. माझ्या पाकिटावरच्या चिठ्ठीत 'गिफ्ट'च्या चौकोनात खूण होती. शेन्झेनमध्ये माझं कुणी नाही हो! डिसेंबर २०१९ मध्ये सरकारनं ही वाट बुजवली. सूट राहिली जीवरक्षक औषधांना आणि राखीला. राखीसोबतच्या भेटीला नाही, हेही स्पष्ट लिहिलं. मसुदा लिहिणाऱ्याला आपली भावंडं चांगली ठाऊक असणार.

पट्टा महिन्याभरात तुटला. विक्रेत्यानं तक्रार न करता पैसे परत दिले, वर पट्टा नको म्हणाला. मला काही ते बरं वाटेना. पोस्टात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी वजन केलं, चीनचा दर सांगितला, आणि मी पट्टा खिशात घालून घरी आलो.