हवेतला सेंद्रिय कण पाणी पितो कसा?

नमस्कार मंडळी! बाहेर धुरकट दिसलं की आपण धुळीला आणि धुराला नावं ठेवून मोकळे होतो. पण हवा दमट असेल, तर त्या धुरकटपणात पाण्याचाही मोठा वाटा असतो. तरंगणाऱ्या कणांनी पाणी पिऊन ठेवलेलं असतं, ते फुगलेले असतात आणि फुगलेला कण प्रकाश जास्त विखुरतो. विशेष म्हणजे त्यासाठी आर्द्रता १०० टक्क्यांवर जावी लागत नाही.

आजचा विषय आहे यातले सेंद्रिय कण, म्हणजे कार्बनच्या रेणूंचे. हे काही किरकोळ प्रकरण नाही. हवेतल्या बारीक कणांच्या वजनात त्यांचा वाटा जागेनुसार २० ते ९० टक्के असतो. काही कण लाकूड जळताना किंवा इंजिनातून थेट बाहेर पडतात. पण बरेचसे हवेतच तयार होतात. झाडं आयसोप्रीन, पाइनीन असे वायू सोडतात, ओझोन आणि हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनचा अतिशय क्रियाशील तुकडा) त्यांच्यावर तुटून पडतात, रेणूंना ऑक्सिजन चिकटत जातो. असे जड झालेले रेणू वायुरूपात टिकत नाहीत, कणांवर येऊन बसतात.

आता आधी मिठाचा कण बघू, म्हणजे फरक कळेल. (स्क्रीनवर आलेख) कोरडा मिठाचा कण ७५ टक्के आर्द्रतेपर्यंत ढिम्म हलत नाही. ७५ ओलांडले की एकदम विरघळून थेंब होतो. अमोनियम सल्फेटचं हेच साधारण ८० टक्क्यांना होतं. उलट वाळवायला घ्या, तर मिठाचा थेंब ७५ ला परत स्फटिक होत नाही, ४५ च्या आसपासपर्यंत हट्टाने ओलाच राहतो.

हवेतल्या सेंद्रिय कणात सहसा असं बटण नसतं. त्यात शेकडो, हजारो वेगवेगळे रेणू कोंबलेले असतात. त्यांची एकसारखी रचना जमत नाही, म्हणून नीट स्फटिकच होत नाही. मग आर्द्रता वाढेल तसा तो थोडं थोडं पाणी घेत जातो. आलेखावर पायरी नाही, चढण दिसते.

किती पाणी घेणार, हे ठरतं मुख्यतः ऑक्सिजनवर. नुसत्या कार्बन-हायड्रोजनच्या तेलकट रेणूला पाण्याशी काही देणंघेणं नसतं. पण हवेत काही दिवस काढले, ऑक्सिजनचे गट जोडले गेले, की तोच माल पाणी धरायला लागतो. थोडक्यात, कण जसा मुरतो तशी त्याची तहान वाढते. मला या विषयातला सगळ्यात आवडता भाग हाच.

ही तहान एका आकड्यात मांडायची सोय २००७ मध्ये पेटर्स आणि क्रायडनवाइस या संशोधकांनी करून दिली. त्याला म्हणतात कप्पा, म्हणजे ग्रीक अक्षर κ. मिठाचा कप्पा १.३ च्या आसपास, अमोनियम सल्फेटचा ०.६, सेंद्रिय कणांचा साधारण शून्य ते ०.३. गणित करूनच बघू. ०.१ कप्पाचा कण घ्या. आर्द्रता ९० टक्के असेल, तर ९० भागिले उरलेले १०, म्हणजे ९. त्याला ०.१ ने गुणा : ०.९. कणाने जवळपास स्वतःच्या आकारमानाएवढं पाणी घेतलं. आता आर्द्रता ९९ करा. ९९ भागिले १, गुणिले ०.१. झालं ९.९! शेवटच्या नऊ टक्क्यांत पाणी दसपटीहून जास्त वाढलं. (अगदी छोट्या कणांना यातून थोडी वजावट लागते. थेंब जितका लहान, तितका त्याच्या वक्र पृष्ठभागावरून पाण्याचा रेणू सहज निसटतो. विरघळलेला पदार्थ पाणी ओढतो आणि वक्रता ते सोडते, ही रस्सीखेच स्वीडनचे हवामानशास्त्रज्ञ कोलर यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच मांडली होती. त्यातूनच कोणता कण ढगाचा थेंब होणार ते ठरतं.)

इथपर्यंत आपण धरून चाललो की पाणी आत शिरायला मोकळं आहे. तसं नेहमी नसतं. २०१० मध्ये फिनलंडमधल्या पाइनच्या जंगलातले कण संशोधकांनी एका पट्टीवर आदळवले. द्रव असते तर चिकटले असते. ते उसळून परत आले! म्हणजे कोरड्या हवेत हे कण घट्ट, जवळजवळ घनरूप असतात. काही डांबरासारखे, तर काही थेट काचेसारखे. अशा कणात पाण्याचा रेणू सावकाश सरकतो. पण थोडं पाणी आत गेलं की कण मऊ पडतो आणि पुढच्या पाण्याची वाट सोपी होते. उबदार, दमट हवेत त्यामुळे फारसं अडत नाही.

अडतं ते वर, थंडीत. उणे ६० अंशांच्याही खाली कण पक्का काचरूप होऊ शकतो आणि पाणी आत जाणं जवळपास थांबतं. पण मग पाणी बाहेरच, त्याच्या पृष्ठभागावर, बर्फ होऊन बसू शकतं. सायट्रिक आम्लाच्या काचरूप कणांवर असा बर्फ धरलेला प्रयोगशाळेत दिसला आहे. म्हणजे खाली थेंब बनवायला मदत करणारा माल वर उंच सिरस ढगांमध्ये बर्फाचं बीज होऊ शकतो. बर्फाच्या त्या बाजूबद्दल पुढच्या व्हिडिओत सविस्तर बोलू. प्रश्न असतील तर खाली लिहा.