गुरुवारचा रविवार

नमस्कार मंडळी. आज भोसरीबद्दल बोलू. पुण्यातल्या बऱ्याच जणांना भोसरी म्हणजे नाशिकला जाताना लागणारं ट्रॅफिक एवढंच माहितीये, आणि ट्रॅफिक आहेच हो, मी कशाला नाकारू. पण एखाद्या गुरुवारी टेल्को रोडवरनं आत एमआयडीसीत वळून बघा, एरवी जिथं टेम्पोवाला रिव्हर्स घेताना अख्खा रस्ता अडवतो तिथं पोरं क्रिकेट खेळत असतात, कारण आमच्याकडची सुट्टी गुरुवारची.

कारण साधंय, विजेचं. सगळीकडचे कारखाने एकाच दिवशी बंद आणि बाकीचे सहा दिवस एकदम चालू, असं केलं तर लोड पेलणार कसा, म्हणून वेगवेगळ्या भागांना सुट्टीचे वेगवेगळे वार दिले, पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्याला गुरुवार आला. लाइनची मेंटेनन्सची कामंही त्याच दिवशी काढतात, म्हणजे सुट्टी आहे पण घरी फॅन बंद, बसा वारा घालत.

१९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली, टेल्को (म्हणजे आताची टाटा मोटर्स) आली, आकुर्डीला बजाज आली, आणि त्यांना पार्ट पुरवणारी वर्कशॉपं भोसरीत उभी राहिली. १९७० ला पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी मिळून नगरपालिका झाली, १९८२ ला महापालिका. मोठ्या कंपन्यांची नावं सगळ्यांना पाठ असतात, पण खरी भोसरी बघायची तर एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये जा. दोन लेथ, एक सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, दारात कास्टिंगचा ढीग, कूलंटचा तो आंबूस वास. सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, पहिला पीस काढतो, एअर गननं फुंकतो, मायक्रोमीटर लावतो, काही बोलत नाही, टूलला वीस मायक्रॉन ऑफसेट देतो, म्हणजे केसाहूनही कमी सरकवतो, परत पीस काढतो. तो ओके झाला की मगच पुढची बॅच ऑपरेटरच्या हातात. माझ्या मते पुण्यात एवढं शांतपणे कुणीच काम करत नसेल.

ही माणसं लातूर, नांदेड, जळगाव, बुलढाण्याकडची, आता यूपी-बिहारचीही खूप. पोरांची शाळा रविवारी बंद तेव्हा बाप मशीनवर, बाप घरी तेव्हा पोरं शाळेत. गावाकडचं लग्न रविवारी निघालं की खाडा पडलाच, आणि नाही गेलं तर पाहुणे वर्षभर ऐकवणार.

आणि सगळ्यात मोठा घोळ म्हणजे सुट्टीला मटण आणावं तर गुरुवार, दत्ताचा वार, बऱ्याच घरांत उपास. म्हणून मटण बुधवारी रात्री. सेकंड शिफ्टवाल्याचं ताट झाकून ठेवलेलं असतं, तो साडेबाराला येतो, घड्याळ बघतो आणि म्हणतो, अगं गुरुवार लागला की, तर बायको म्हणते, जेवा गुमान, उजाडल्याशिवाय वार बदलत नाही.